गिऱ्हाइकासमोर भांडायचं नाही

पोट माझ्या नातीचं दुखत होतं आणि बोलावणं आलं घरातल्या चौघांना. हे कुठलं शास्त्र म्हणायचं? उद्या एकाचा दात किडला तर डॉक्टर म्हणेल, घराण्याचे सगळे जबडे हजर करा.

आमची लाँड्री आहे. खाली दुकान, वर घर. काउंटरवर मी. धुलाई आणि डाग काढणं सुनेकडे. मागे इस्त्रीच्या टेबलाशी माझा मुलगा. तो दिवसभर वाफेत उभा असतो आणि वाफेतला माणूस जसा धूसर दिसतो, तसाच तो घरातही दिसतो. आमच्या ह्यांनी दुकान काढलं तेव्हा एकच नियम केला होता: गिऱ्हाइकासमोर आवाज चढवायचा नाही. लोक मळलेले कपडे घेऊन येतात, त्यांना आपला मळ दाखवायचा नाही. हे गेले, नियम राहिला. काउंटरपाशी कुणी उभं असलं की आमच्या जिभेवर साखर असते. दुपारी दुकान रिकामं झालं की मग सून मोठं मशीन सुरू करते, त्याची घरघर सुटते, आणि त्या घरघरीखाली आम्ही दोघी काय ते बोलून घेतो. रस्त्यावर एक शब्द जात नाही.

नात दहा वर्षांची. शाळेची बॅग दिसली की तिचं पोट दुखायला लागायचं आणि शाळेची घंटा होऊन गेली की तेच पोट समंजस व्हायचं. मग ही बाई काउंटरच्या बाजूच्या स्टुलावर दिवसभर ठाण मांडून बसायची. रक्त तपासलं, पोटावर गार मलम चोपडून आतले फोटो काढले. डॉक्टर म्हणाले, "पोटात काही नाही." मी म्हटलं, "मग जिथे आहे तिथलं औषध द्या." त्यांनी कागदावर एका समुपदेशन केंद्राचा पत्ता लिहून दिला.

तोवर शाळेच्या मुख्याध्यापिकेचं सांगणं आलं होतं की परीक्षेआधी मुलगी नेमानं यायला लागली नाही तर पुढचं वर्ष त्याच वर्गात काढावं लागेल. सुनेनं लगेच तोड काढली: तिच्या बहिणीकडे, दुसऱ्या शहरात पाठवू, तिथल्या शाळेत घालू. मावशीकडे पोट दुखणार नाही म्हणे. म्हणजे दुखणं आमच्या घराचं, असाच अर्थ झाला ना? मी सांगून टाकलं, माझी नात माझ्या दारातून शाळेत जाईल. त्यासाठी जिथे म्हणाल तिथे येते. म्हणून गेले, नाहीतर माझं पाऊल असल्या जिन्यावर पडलं नसतं.

केंद्र म्हणजे औषधाच्या दुकानावरची एक खोली. मऊ खुर्च्या, मधे बुटकं टेबल, टेबलावर रडणाऱ्यांसाठी कागदी रुमालांचा डबा. आल्या आल्या रडायचं सामान पुढे केलेलं. एका भिंतीला अख्खा आरसा. आम्हाला आधीच सांगितलं होतं की आरशामागे बाईंचे सर बसतात, त्यांना आपण दिसतो, आपल्याला ते दिसत नाहीत, हरकत नाही ना? मी म्हटलं, "आत येऊन बसा म्हणावं, खुर्च्या रिकाम्या आहेत." त्यावर सून खाली बघायला लागली आणि मुलगा आधीपासूनच खाली बघत होता.

बाई तरुण होती. चेहरा शांत, इतका की इस्त्री करून आणल्यासारखा. मी तिचं नाव लगेच प्रश्नवाली ठेवलं, कारण तासाभरात तिनं एक उत्तर दिलं नाही.

"आजी, तुम्हाला काय वाटतं, अडचण कुठे आहे?"

"मी तुमची आजी नाही. आणि अडचण पोटात आहे. तीन जणांनी तपासून ती सापडली नाही, म्हणून तुमच्याकडे आलो."

"बरं. मग तुम्हाला काय म्हणू?"

"आजीच म्हणा आता. म्हणून झालंय."

तिनं फळ्यावर आमच्या घराचा नकाशा काढला. बाप्यांना चौकोन, बायकांना गोल. ह्यांच्या चौकोनावर फुली मारली तेव्हा माझ्या काळजात चर्र झालं, पण मी दाखवलं नाही. आरशामागे माणूस बसला होता. मग एकाकडून दुसऱ्याकडे रेघा. पटत असेल तर सरळ, खटका असेल तर नागमोडी.

"आजी आणि सूनबाई, तुमच्यात कुठली?"

"सरळ," मी म्हटलं.

"सरळ," सून म्हणाली.

"सरळ," मुलगा म्हणाला. त्यानं त्या दिवशी उच्चारलेला तो एकुलता एक शब्द.

नात खडूकडे बघत होती. प्रश्नवालीनं रेघ काढलीच नाही, जागा मोकळी सोडली. मग तिचे ते फिरते प्रश्न सुरू झाले. मला विचारायचं की सुनेला काय वाटत असेल, सुनेला विचारायचं की नवऱ्याला काय वाटत असेल. ज्याचं त्याला विचारायची सोयच नाही. मी चौथीपर्यंत शिकले, पण आमच्या वर्गातसुद्धा शेजारणीचं उत्तर सांगितलं तर छडी बसायची. इथे शाबासकी.

"पोट दुखत नसतं, तर दिवसभरात काय वेगळं झालं असतं?" तिनं नातीला विचारलं.

"मी शाळेत असते."

"आणि घरी?"

नात म्हणाली, "ते मला कसं कळणार? मी शाळेत असते ना."

पोरीच्या तोंडाला माझीच धार आहे, असं मला वाटलं. प्रश्नवालीनं मात्र खडू खाली ठेवला. तेवढ्यात भिंतीवरचा फोन वाजला. आरशामागचे सर. तिनं ऐकलं, मान डोलावली आणि आम्हाला पुढच्या आठवड्यात या म्हणून सांगितलं.

पुढच्या आठवड्यात म्हणाली, "आज कुणी बोलायचं नाही." हा उपाय कुणासाठी काढला असेल ते मला विचारू नका. नातीला सांगितलं, घरातल्या माणसांचे पुतळे कर. मातीचे नाही, खरेच. ज्याला जसं उभं करायचं तसं कर.

पोरीला काही सांगावं लागलं नाही. मला खांद्याला धरून मधे आणलं, माझा हात उचलला, बोट पुढे ताणलं. समोर आईला उभं केलं, कमरेवर हात. बापाला भिंतीकडे तोंड करून ठेवलं आणि त्याचा हात धरून इस्त्री फिरवल्यासारखा मागेपुढे केला.

"हे मात्र हुबेहूब," मी म्हटलं.

"आजी, पुतळे बोलत नाहीत."

मग तिनं एक खुर्ची ओढत आणली, माझ्या आणि आईच्या बरोबर मधे ठेवली आणि तीवर बसली. हात मांडीवर, पाठ ताठ.

"आणि तू कोण आहेस?" प्रश्नवालीनं विचारलं.

"मी गिऱ्हाईक."

माझं बोट अजून पुढेच होतं. ते कुठे ठेवावं ते कळेना.

"गिऱ्हाईक असलं की आजी आणि आई भांडत नाहीत," नात सांगत होती, पाढा म्हणावा तशी. "सकाळी गिऱ्हाईक असतं. संध्याकाळी असतं. दुपारी नसतं. दुपारी मी शाळेत असते. एकदा शाळेतून आले तर आई वरती बॅग भरत होती. कपडे घडी न घालता भरत होती."

ज्यांच्या घरी कपडे कसेही कोंबतात, त्यांना यातलं काही कळायचं नाही. आमच्याकडे रुमालसुद्धा चार कोपरे जुळल्याशिवाय ठेवत नाहीत. सून घडी न घालता कपडे भरत होती म्हणजे काय, ते आम्हा चौघांना कळलं. पुतळा असूनही मुलगा भिंतीकडून वळला.

"कधी?" त्यानं विचारलं.

"तू इस्त्री करत होतास," सून म्हणाली.

प्रश्नवालीला नेमकं हेच हवं होतं. पोरगी आजारी नाही म्हणे, पोरगी पहाऱ्यावर आहे. आपण निघून गेलो तर घर मोडेल अशी तिला भीती आहे आणि पोट तिला घरी ठेवतं. बरं, मग उपाय? आता भांडू नका, असं सांगेल असं मला वाटलं, आणि मी मान डोलवायच्या तयारीत होते. हिनं फर्मान काढलं की रोज भांडा.

रोज दुपारी, दुकान रिकामं असताना, मशीन बंद ठेवून, नातीसमोर. मुलानं इस्त्री ठेवून तिथे यायचं. प्रत्येकानं आपल्या वेळेला बोलायचं आणि वाक्य 'मला' पासून सुरू करायचं. कुणी उठून जायचं नाही. नातीचं पोट दुखलं तरी थांबायचं नाही. असा नियम करणारीला पोरंबाळं नसणार, हे मी तिथेच मनात म्हटलं. पण परीक्षा जवळ आली होती आणि मावशीचा फोन दोनदा येऊन गेला होता.

आयुष्यभर फुकट भांडले, पण ठरवून भांडायला बसल्यावर घसा कोरडा. पहिल्या दिवशी आम्ही दोघी काउंटरच्या दोन बाजूंना उभ्या. नात स्टुलावर.

"मला वाटतं, तू धांदरट आहेस," मी सुरुवात केली.

"आजी, ते आईचं झालं. स्वतःचं म्हणायचं."

"मला धांदरट माणसं आवडत नाहीत."

"मला वाटतं, आईंना माझं काहीच पटत नाही," सून म्हणाली.

"मला तसं वाटत नाही."

"मला वाटतं, हेच ते."

मुलगा खिशात हात घालून उभा. इस्त्रीशिवाय त्याचे हात अनाथ दिसत होते. हे असंच हसण्यावारी जाईल असं मला वाटत होतं, तोच सुनेनं मोठा श्वास घेतला आणि म्हणाली, "मला एक सांगायचंय." त्या श्वासावरून मला कळलं की बॅगेचा विषय निघणार. मी म्हटलं, आज एवढं पुरे.

दुसऱ्या दिवसापासून मी बंदोबस्त केला. समोरच्या चष्मेवाल्याला म्हटलं, पडदे द्यायचे असतील तर दुपारी या, निवांत असतं, बसा जरा. तिसऱ्या दिवशी दवाखान्यातली नर्स डगले घेऊन आली, तिलाही मीच वेळ दिली होती. मग संगीतशिक्षक आले, तेही शेरवानी नाही की कोट नाही, नुसता एक मफलर घेऊन आणि जायचं नाव नाही. त्या आठवड्यात आमच्या दुपारी कधी नव्हे त्या भरून गेल्या. आम्ही दोघी हसून हसून पावत्या फाडत होतो. नियम तो नियम. मला वाटलं, नातीला हेच तर हवं होतं, गिऱ्हाईक मधे असलेलं. घ्या, रोज नवं.

नातीचं पोट आणखीच दुखायला लागलं. आता रविवारीही.

"आजी गिऱ्हाईक बोलावते," तिनं केंद्रात सांगून टाकलं.

मी कंबर कसून बसले. प्रश्नवालीनं मला बोल लावला असता तर मी तिला आणि आरशामागच्याला, दोघांना पुरून उरले असते. पण ती म्हणाली, "घर एकत्र राहावं म्हणून आजींनी किती डोकं चालवलं. नात आणि आजी, दोघी एकच काम करतायत. दोघींनाही भीती एकाच गोष्टीची आहे." आणि माझ्याकडे बघून गोड हसली. शिव्यांना मी उत्तर देऊ शकते. याला काय द्यायचं असतं ते मला कुणी शिकवलेलं नाही. वर म्हणाली, भांडायच्या वेळेला दुकानाचं शटर खाली घ्या.

भर दुपारी शटर. ह्यांना न्यायचं होतं त्या दिवशी तेवढं खाली आलं होतं. मुलानं ओढलं. शेजारचे विचारणार, कोण गेलं म्हणून.

आत अंधूक झालं. सुनेनं दिवा लावला. ती बोलायला लागली, पण नेहमीच्या दबक्या आवाजात.

"आई, मशीन बंद आहे," नात म्हणाली. "मोठ्यानं बोल ना."

"मला वेगळं राहायचंय," सुनेनं मोठ्यानं सांगितलं. "चौकापलीकडे, वह्यापुस्तकांच्या दुकानावर दोन खोल्या आहेत. दुकानाचं काम मी सोडत नाही. पण संध्याकाळी मला माझं दार लावून बसायचंय."

"इथे दारं नाहीत?"

"आहेत. तुम्ही ठोठावत नाही."

"माझ्याच घरात मी ठोठावू?"

"मी तेच म्हणतेय, आई. तुमचं घर आहे."

"आजी, 'मला'," नात म्हणाली.

"मला हे खपणार नाही. झालं समाधान?"

"मलाही जायचंय," मुलगा म्हणाला.

"तुला कुणी विचारलं?"

"माझीही वेळ आहे, आई. बाईंनी सांगितलंय." वाफ नसताना त्याचा चेहरा मी बऱ्याच दिवसांनी बघत होते. केस पांढरे झालेत त्याचे. "हिनं बॅग भरली त्या दिवशी मला कुणी काही सांगितलं नाही. आज तरी बोलू दे. मला हिच्याबरोबर जायचंय आणि तुला सोडायचं नाहीये. हे दोन्ही कसं जमवायचं ते मला कळत नाही, म्हणून मी कपड्यांकडे बघत बसतो."

दोघं एका बाजूला. माझ्या डोक्यात सणक गेली. मी तेच बोलले जे सुनेनं बॅग भरली त्या दिवशी मशीनच्या घरघरीत बोलले होते, फरक इतकाच की आता घरघर नव्हती. "जा. पण एकदा बिऱ्हाड हललं की पुन्हा या दुकानाची पायरी चढायची नाही. कुणीच."

नात स्टुलावर वाकली. दोन्ही हात पोटावर.

मी सुनेकडे बघितलं. ही आता धावेल, मग मी धावेन, मग विषय संपेल. असंच होत आलं होतं. सून जागची हलली नाही. डोळ्यांत पाणी, पण पाय रोवलेले. नियम म्हणे. मुलगाही हलला नाही.

"आजी," ती वाकूनच म्हणाली, "'मला' म्हण."

"मला वर एकटीनं जेवायचं नाही," मी म्हटलं.

मीच पुढे म्हटलं, "भिंतींशी काय बोलायचं? त्या उलटून उत्तर देत नाहीत."

"मग आमच्याकडे जेवायला येत जा," मुलगा म्हणाला.

"कुणाच्या हातचं?"

"त्याच्याच," सून नाक पुसत म्हणाली. "रात्रीचं तो करणार. ठरलंय आमचं."

"म्हणजे उपाशी ठेवायचा बेत आहे."

नातीच्या तोंडून हुंदका आणि हसू एकत्रच बाहेर पडलं. ती हळूहळू सरळ झाली. तिनं आईला नाही, बापाला नाही, मला विचारलं.

"मी शाळेतून आले की आई असेल?"

धमकी कुणाची होती ते तिला पक्कं ठाऊक होतं.

"असेल."

"आणि तिकडे राहायला गेली तर? दुकानात येईल?"

"न येऊन सांगते कुणाला? डाग कोण काढणार?"

"आणि पायरीचं?"

"पायरीचं काय? रस्त्यावरचं कुणीही चढतं ती. चढेल."

"चढेल म्हणजे तू चढू देशील?"

रक्ताचा गुण. शब्द तोंडातून पूर्ण काढून घेतल्याशिवाय सोडत नाही. शटरच्या फटीतून बाहेरच्या चपला दिसत होत्या. कुणीतरी कपडे घेऊन आलं असावं, थोडं थांबून निघूनही गेलं. मी हाक मारली नाही.

"चढू देईन," मी म्हटलं. "तिला, तुझ्या बापाला, तुला. आणि मीही तिकडे येईन. ठोठावून येईन. आता हवं तर लिहून घे."

"नको," ती म्हणाली. "सगळ्यांनी ऐकलंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी पोट दुखतंय म्हणालीच. मी म्हटलं, "त्यालाही घेऊन जा शाळेत, चार अक्षरं शिकेल." तिनं माझ्याकडे रोखून बघितलं, मग आईकडे. आई डगल्यावरच्या शाईशी झटत होती. नातीनं बॅग पाठीवर घातली आणि ती गेली.

दुपारी दुकान रिकामं झालं. सवयीप्रमाणे सुनेचा हात मशीनच्या बटणाकडे गेला आणि परत आला. आम्ही नव्या खोल्यांच्या पडद्यांवरून भांडलो, अगदी मोकळ्या आवाजात, शटर उघडं ठेवून. चष्मेवाला दारात येऊन ऐकत उभा राहिला. ह्यांचा नियम त्या दिवशी मोडला. मी वर बघून मनातल्या मनात त्यांना सांगितलं, तुमच्या नातीसाठी.

शाळा सुटायच्या सुमाराला मी काउंटर पुसून काढला, स्टूल पुढे सरकवलं. सून हातातलं काम टाकून, समोरून दिसेल अशी उभी राहिली. मुलगा तर इस्त्री बंद करून दारापाशीच आला. तिघं असे उभे, जसे फोटो काढायला उभे आहोत.

नात आली. पायरी चढली. स्टुलाला वळसा घातला.

"भूक लागलीय," म्हणाली आणि आमच्या कुणाकडेही न बघता धाडधाड वर गेली.

"बघितलंसुद्धा नाही तिनं," सून म्हणाली.

"नाही बघितलं," मी म्हटलं.

आमच्या दोघींचं एकमत झालेलं मुलानं पहिल्यांदाच ऐकलं असावं, कारण तो तिथेच उभा राहिला. मी त्याला म्हटलं, "बघतोस काय, वर जा. पोरीला भूक लागलीय आणि स्वयंपाक तुझ्याकडे आहे."